सुनेने सांगितलेला अर्थ

७ ऑक्टोबर

ती मुलगी आली होती. बे नावाची, विद्यापीठातली. मोज्याला भोक, पण बोलणं गोड. आमच्या भागातले जे जे व्हिएतनामच्या लढाईवर गेले होते त्यांच्या तोंडून खऱ्या हकिकती घेणार, कॅमेऱ्यावर. मग पुस्तक निघणार. हे लगेच हो म्हणाले. मी बघतच राहिले! ह्यांच्याशी संसार करता करता म्हातारी झाले, लढाईबद्दल मला चार वाक्यं सांगितली असतील तर शपथ. माझ्या वाट्याला फक्त झोपेतलं ओरडणं.

एक गोष्ट मात्र जगाला सांगतात. एका खेड्यात एक म्हातारी झोपडीतून आली, ह्यांची विजार धरली आणि आशीर्वाद दिला — "नॉ कॉन न्यॉ, ओंग ओई." पुन्हा पुन्हा तेच. त्या आशीर्वादाने जिवंत परत आलो, म्हणतात. आमच्या किसोकच्या लग्नाच्या जेवणात माईक घेऊन सांगितली होती. नवी सून मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, लाजली. आता नातीला, दानबीला, मांडीवर घेऊन हेच पुटपुटतात आणि पोर झोपते.

९ ऑक्टोबर

लसूण लावायला घेतला. सुनेचा, थामचा, हात चालतो, तोंड चालत नाही. एवढाच तिचा गुण. व्हिएतनामची सून केली तेव्हा गावाने नाकं मुरडली. मुरडोत. आपल्या पोरी राजधानीत, सोलला पळाल्या, किसोकचे केस पिकायला लागले, करणार काय?

तिची आई आजारी आहे म्हणे. पोटात गाठ. जायचं म्हणते. म्हटलं, लसूण काय तुझी आई येऊन लावणार आहे?

१४ ऑक्टोबर

आज कॅमेरा. ह्यांनी पदकांचा कोट घातला, दाढी दोनदा केली. मी दाराशी लसूण निवडत बसले. खरं म्हणजे ऐकत बसले.

सगळं पहिल्यांदा ऐकलं. सकाळी सुरुंगावर पाय पडून ह्यांचा दोस्त गेला. खालचं अंग सापडलंच नाही. कॅप्टन म्हणाला, पुढच्या खेड्यात कोणाला ठेवायचं नाही. हे शांतपणे सांगत होते, धान्याचा भाव सांगावा तसं. गावांची नावं नीट लिहून घ्यायची म्हणून बेने थामला आत बोलावलं. मग म्हातारीची गोष्ट आली. तिच्या काखेत एक पोर होतं हे आज कळलं. ते ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी तो आशीर्वाद म्हणून दाखवला. बे थामकडे वळली. याचा अर्थ काय हो?

थाम जमिनीकडे बघत म्हणाली, "हे पोर अजून लहान आहे, साहेब."

बेने विचारलं, आणखी काही? थाम म्हणाली, नाही, तेवढंच.

मग बेने ह्यांना विचारलं, पुढे काय झालं? हे म्हणाले, पुढे आम्ही दुसऱ्या खेड्याकडे निघालो. म्हातारीच्या खेड्यात मागे कोणी राहिलं नव्हतं. आणि उठून गेले. कोट तसाच अंगावर.

१५ ऑक्टोबर

काल कोणी नीट जेवलं नाही. सकाळी मी थामला गोठ्यामागे गाठलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! तीन वर्षं इथलं अन्न खातेस आणि खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? हे तुला कालच कळलं होय?

"लग्नातच कळलं होतं," म्हणाली.

मग तीन वर्षं गप्प बसलीस तशी काल का नाही बसलीस?

"आजवर कोणी विचारलं नव्हतं, आई."

तिच्या मुस्काटात मारली. आधी कधी हात उचलला नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

ह्यांनी काय केलं ते मला समजलं. न समजायला मी कुक्कुलं बाळ नाही. पण ह्यांना ती भाषा येत नव्हती! म्हातारी काहीतरी बडबडतेय एवढंच ह्यांना दिसलं. शब्द समजले असते तर ह्यांचा हात उठला नसता. मी ह्यांच्याशी जन्म काढला आहे. मारक्या बैलालासुद्धा ह्यांनी कधी काठी लावली नाही.

१८ ऑक्टोबर

खात नाहीत. काल पेज दिली, तोंड फिरवलं. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

१९ ऑक्टोबर

तेच.

२१ ऑक्टोबर

किसोकने दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणलं. डॉक्टर म्हणतो, शरीरात काही नाही, अन्नावरची वासनाच उडाली आहे. या वयात असे फार दिवस निघत नाहीत. किसोक बायकोला एक शब्द बोलत नाही. नंदीबैल! मी रात्रभर ह्यांचा श्वास ऐकते. हे गेले तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही.

२३ ऑक्टोबर

सुचलं! थाम त्यांच्या देशाच्या दक्षिणेची, नदीकाठची. ह्यांची लढाई झाली मध्यभागात. बोली वेगळी असणारच. तिने फक्त म्हणायचं, "बाबा, माझं चुकलं. तिकडच्या बोलीत ह्याचा अर्थ 'दीर्घायुषी व्हा' असा होतो, मी आता माहितगाराला विचारलं."

सांगितलं तिला. ती लसणाच्या वाफ्यात पुढची पाकळी मातीत खोचत राहिली. मग म्हणाली, ते खरं नाही.

म्हटलं, खरं ऐकून तुझी आई बरी होणार आहे का? ह्यांना बरं कर, मी विमानाचं तिकीट काढते. दानबी मात्र इथेच राहील. तू परत यायला हवीस ना!

तिने विचारलं, मी आजच तसं म्हटलं तर तिकीट आजच काढाल?

२४ ऑक्टोबर

वाक्य पाठ करून घेतलं. 'दीर्घायुषी' तिच्या जिभेवर बसेना. आठदहा वेळा म्हणायला लावलं. रडत होती, रडू दिलं. रडून सांगितलं तर जास्त खरं वाटेल.

संध्याकाळी गेली ह्यांच्याजवळ. मी दाराशी. चोख बोलली. हे उठून बसले! मग म्हणाले, "माझ्यापाशी नको. त्या मुलीच्या कॅमेऱ्यासमोर सांग."

आणि पुन्हा आडवे झाले. पेज तशीच.

२५ ऑक्टोबर

बेला फोन. ती दुसऱ्या जिल्ह्यात हकिकती घेत फिरतेय, पुढच्या आठवड्याशिवाय येणार नाही. थाम म्हणते, मी माझं काम केलं, आता जाऊ द्या, आई कोणाला ओळखेनाशी झाली आहे. म्हटलं, काम अर्धं झालं. हे खातात का? नाही ना? मग?

पासपोर्ट माझ्या कपाटात आहे.

२ नोव्हेंबर

झालं एकदाचं. बे आली, थाम बोलली. बेला शंका आली असावी. तुम्ही नक्की सांगताय ना, असं तिने दोनदा विचारलं. थाम दोन्ही वेळा हो म्हणाली. थापेचा आवाज कसा येतो ते बेला कळलं असेल, पण कागदावर आवाज उतरत नाही. जुनं खोडायचं, नवं घालायचं, असं हे तिच्याकडून कबूल करून घेईपर्यंत पदकं हातात धरून बसले होते.

संध्याकाळी पेज प्यायले. वर मुळ्याचं लोणचं मागितलं! मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

४ नोव्हेंबर

थाम गेली. बसच्या दारात दानबी तिच्या गळ्याला मिठी मारून सुटेना, मी बोटं एकेक करून सोडवली. घरी आल्यावर ह्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि तेच म्हणत झोपवलं. आता म्हणायला हरकत नाही.

५ नोव्हेंबर

थामचा फोन. तिची आई परवाच गेली. ही पोचली तेव्हा मातीसुद्धा आटपली होती.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. पण माझा माणूस वाचला, आणि तिची आई तशीही वाचणार नव्हती. कोणीही माझ्या जागी हेच केलं असतं. परत कधी येणार विचारलं तर तिने फोन ठेवला होता.

२१ नोव्हेंबर

हिवाळ्याची किमची घातली, कोबीचं तिखट लोणचं. शेजारणी मदतीला, कारण थाम अजून तिकडेच. रिवाजाप्रमाणे डुकराचं मांस उकडलं. हे दोन वाट्या भात जेवले, गालावर जरा मांस चढलंय. लाडात येऊन म्हटलं, बघा, सुनेच्या एका चुकीपायी उगाच उपाशी राहिलात.

हे हसले. म्हणाले, "चूक कसली? पहिला अर्थच बरोबर होता. पण पुस्तकात तसा गेला असता. म्हातारी काय म्हणते ते मी आमच्या दुभाष्याला विचारलं होतं ना."

मी म्हटलं, म्हणजे नंतर विचारलंत.

"आधी."

मग वाटी पुढे केली. मी वाढलं.