इन्साफच्या गोड बोलण्याची चौकशी होणेबाबत

प्रति,
माननीय सचिव,
कुटुंब समिती,
बिशपसाहेबांचे कार्यालय.

अर्जदार : सिद्की तादरुस, निवृत्त कालवा निरीक्षक, राहणार नझलत सिदराक, चर्चमागची गल्ली.

विषय : धर्मपत्नी इन्साफ हिच्या तोंडी अलीकडे येत असलेल्या चांगल्या शब्दांचा उगम शोधून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील कारकुनाचे तोंडी उत्तर, "सिद्कीकाका, अशी तक्रार आजवर आली नाही. लोक याच्या उलट तक्रार घेऊन येतात."

महोदय,

१. अर्जदाराच्या लग्नाला पस्तीस वर्षे होऊन गेली. या काळात डाळ करपली तरी दोष अर्जदाराचा आणि मुलगा बीशॉय कुवेतला निघून गेला तरी दोष अर्जदाराचाच, असा घरचा रिवाज होता. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नव्हती व नाही. संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच.

२. परंतु यंदा ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू झाला, त्याच सुमारास आपल्या समितीच्या सांगण्यावरून चर्चमध्ये दर शुक्रवारी 'कुटुंब बळकट करा' ही नवरा-बायकोंची सभा भरू लागली. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी अर्जदाराने नेहमीप्रमाणे चहा उकळून उकळून काळा केला असता, पत्नी एक घोट घेऊन म्हणाली, "तुमच्या हातच्या चहाची चव काही वेगळीच." अर्जदाराने पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी, "हा निळा झगा तुम्हाला शोभून दिसतो." तिसऱ्या दिवशी, "तुम्ही खंबीर राहिलात म्हणून पोरं शिकली, अबू बीशॉय," म्हणजे बीशॉयचे बाप. असे रोज. मात्र रोज एकच शब्द, तोही दुपारच्या आत. दुसरा कधी नाही. महोदय, कालव्याचे पाणी चोरून कुठे वळवले जाते हे हुडकण्यात अर्जदाराची उभी हयात गेली. ठरल्या वेळी ठरल्या मापाने पाणी आले, तर तो पाऊस नसतो. वरच्या बाजूला कोणीतरी दार उघडलेले असते.

३. आमच्या घरचे पापकबुलीचे अबूना एकच, पाद्री बिजीमी. कबुलीनंतर ते प्रत्येकाला एक नेम लावून देतात, कोणाला साष्टांग नमस्कार, कोणाला स्तोत्रे, कोणाला एखादी चांगली सवय, हे आपणांस ठाऊक आहेच. पत्नीलाही असाच 'रोज नवऱ्याशी एक चांगला शब्द' असा नेम लावला गेला असावा, असा अर्जदारास दाट संशय आला. शेजारी फहीम याजकडे सहज चौकशी करता तो म्हणाला, "माझीपण गोड बोलायला लागलीय. मी तर गुपचूप ऐकून घेतो. तू कशाला खाजवून खरूज काढतोयस?" म्हणजे प्रकरण एका घराचे नाही. सबंध गल्लीत हे पाणी मुरते आहे.

४. खात्री करून घेण्यासाठी अर्जदार स्वतः पापकबुलीस गेला व आडून आडून विचारले. अबूनांनी ताकास तूर लागू दिली नाही. म्हणाले, "ती काय बोलली नि मी काय सांगितलं, ते तिला, मला आणि देवाला माहीत. तू तुझं बोल." आपल्याकडे बोलण्यासारखे काही नाही, असे अर्जदाराने नम्रपणे सांगितले. त्यावर अबूना म्हणाले, "मग ईस्टरपर्यंत रोज बायकोशी एक चांगला शब्द बोलायचा. हा तुझा नेम." एका वैद्याने दोघांना एकच पुडी बांधून दिली, तर रोगही एकच धरला असणार. हा पुरावा अर्जदारास पुरेसा वाटला.

सदर नेम अर्जदाराकडून पाळला गेला नाही. एकदा प्रयत्न केला होता. बाकल्याच्या दाण्यांच्या पिठल्याला मीठ बरोबर पडले आहे, असे म्हणण्याचे ठरवले होते. परंतु मीठ बरोबर पडले नव्हते.

५. मागच्या शुक्रवारी पत्नी मसूर निवडत असताना अर्जदाराने सरळच विचारले, "हे तू मनापासून बोलतेस, की अबूनांनी सांगितलंय म्हणून?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्ही उपवास धरता, तो काय भूक नसते म्हणून?" अर्जदार म्हणाला, "उपवासाची गोष्ट वेगळी. तो देवासाठी असतो. मनात नसलं तरी धरायचा असतो." ती म्हणाली, "मग झालं तर." आणि थोड्या वेळाने, "पस्तीस वर्षांत तुम्ही मला एकदा तरी... जाऊ दे. मसूर बघा, खडा राहिला असेल."

हे उत्तर टाळाटाळीचे आहे, असे अर्जदाराचे त्या वेळी मत झाले.

६. त्या दिवसापासून पत्नीने चांगला शब्द बंद केला आहे. वाईट शब्दही बंद आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे काल, अर्जदाराने मुद्दाम निळा झगा घातला व तिच्यासमोरून दोनदा गेला. तिने प्रार्थनेला उशीर होतो एवढेच सांगितले. आज सकाळी चहा केला, तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिला. तिने चहा प्याला, पेला विसळला, पालथा घातला. पूर्वी ही बाई डाळ करपली म्हणून तासभर बोलायची. महोदय, अर्जदार घाबरला आहे. असे सरकारी पद्धतीच्या अर्जात लिहू नये, हे त्याला कळते.

७. अबूनांनी नेम मागे घेतला असावा, असा प्रथम संशय आला. परंतु अबूना ईस्टरच्या आधी नेम मागे घेत नाहीत. तेव्हा तिने तो स्वतःहून सोडला. आता जे तिला स्वतःच्या मर्जीने सोडता आले, ते इतके दिवस तिने स्वतःच्याच मर्जीने धरले होते, असा निष्कर्ष निघतो. अर्जदाराने तो सर्व बाजूंनी तपासून पाहिला. त्यात कुठेही गळती सापडली नाही. रोज सकाळी मनाला मुरड घालून ती काहीतरी चांगले शोधत होती, आणि अर्जदार दार कोणी उघडले ते शोधत होता.

सबब नम्र विनंती की, विषयात मागितलेली चौकशी कृपया करू नये. पत्नीस नेम लावला होता की नव्हता, हे अर्जदारास कोणीही, कधीही कळवू नये. लावला असल्यास त्यास ईस्टरची मुदत न ठेवता तो दोघांपैकी एकजण असेपर्यंत चालू राहावा. अर्जदारास स्वतःचा राहिलेला नेम आजपासून पाळायचा आहे, मात्र पहिला शब्द कोणता बोलावा ते सुचत नाही. समितीस याबाबत काही अनुभव असल्यास तो टपालाने न पाठवता माणसाहाती पाठवावा. सणापूर्वी हातात फार दिवस नाहीत.

आपला, चुकीचा अर्ज करून बसलेला,
सिद्की तादरुस

पवित्र सप्ताह, सोमवार

सोबत जोडलेले पुरावे : काही नाहीत. पत्नीचे चांगले शब्द अर्जदाराने कुठेही उतरवून ठेवलेले नाहीत. सगळे तोंडपाठ आहेत.