नवे बूट उल्काला, जुने राजाभाऊंना

मी, सुमित्रा विश्वनाथ घोसाळकर, वय ५६, राहणार द्वारका, नवी दिल्ली, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. बुधवारी माझं ऑपरेशन आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय.

१. द्वारकेचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो मुलगा अविनाश आणि मुलगी उल्का यांना अर्धा अर्धा. उल्काचं लग्न झालं नाही म्हणून तिला कमी, असं कुणी बोलायचं नाही.

२. शिलाई मशीन सूनबाई सुनीतीला. त्यावर कुंड्या ठेवायच्या नाहीत.

३. मोठे दीर राजाभाऊ यांना त्यांचे गोल्फचे जुने बूट परत. माळ्यावर आहेत. भावजी मोठे ऑफिसर, दर रविवारी गोल्फ खेळायचे आणि आमच्या ह्यांना, सख्ख्या भावाला, पिशवी उचलायला न्यायचे. हे बघून बघून खेळ शिकले. तेव्हा भावजींनी हे बूट दिले. "इम्पोर्टेड आहेत, जपून वापर." एक नंबर लहान, आणि पाणी आत. थंडीत इथलं गवत उन्हं वर येईपर्यंत ओलंच असतं. मी विचारायची, चावतात का? तर म्हणायचे, "चालतील गं." मोठ्या भावाने दिलेले, नको कसं म्हणायचं! ह्यांना शुगर होती. जखम झाली, चिघळली, अंगठा कापला, मग पाय, मग माणूसच गेला. तेराव्याला भावजी गुरुजींना दान द्यायला छत्री आणि कोरे करकरीत बूट घेऊन हजर. का, तर गेलेल्याला पुढच्या वाटेवर चटके बसू नयेत. जिवंतपणी जुने, मेल्यावर नवे.

४. माझ्या तेराव्याला बूट दान करायचे नाहीत, बिल्कुल नाही. त्याऐवजी उल्काला गोल्फचे बूट घ्यावेत. ती गुडगावला मुलांना गोल्फ शिकवते, दिवसभर गवतात उभी, आणि तळ सुटला की गोंद लावते. दुकानात संध्याकाळी जावं, तेव्हा पाय फुगलेला असतो. खेळताना घालते तेच मोजे न्यावेत. बोटांपुढे जागा हवी. चालताना टाच आतून उचलली जाता कामा नये. नाडीखालची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, पाणी तिथूनच शिरतं. नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेलं पुरत नाही, आतला घामही बाहेर जायला हवा, नाहीतर पाय भिजलाच. बूट हलका हवा, आणि ओल्या उतारावर घसरणार नाही अशी तळाला पकड. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

५. वरचं परत वाचलं. मीही तेच करत होते, मेल्यावर नवे. म्हणून चौथं कलम रद्द. दान नको, एवढं मात्र कायम. ह्यांना जिवंतपणी नवे घ्यावेत, हे कुणाला सुचलं नाही. उल्का, उद्या रविवार आहे, संध्याकाळी मोजे घेऊन ये, मी येते दुकानात. आणि "चालतील गं आई" म्हणायचं नाही. चावला तर चावतो म्हण. मोठ्याने.

खाडाखोड माझीच आहे. दोघा साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: सुमित्रा वि. घोसाळकर

साक्षीदार: १. अरुणा देवधर, शेजारीण
२. शांताराम कोलते, सोसायटीचे सेक्रेटरी

द्वारका, शनिवार, १२ जानेवारी २०१९