चौऱ्याऐंशीव्या मीटरची कांडी

आदरणीय व्याहीबुवा यांस सविनय नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देत असेल व विहीणबाईंचा खोकला ओसरला असेल, अशी आशा करतो. येथे सर्व सुखरूप आहेत. मात्र 'सुखरूप' हा शब्द पत्राच्या शेवटापर्यंत थोडा ताणावा लागेल.

प्रथम आनंदवार्ता. आपले चिरंजीव, अर्थात आमचे जावईबापू, ज्या टेकडीच्या पोटात तांबे आहे असे आठ वर्षे सांगत होते, त्या टेकडीच्या पोटात तांबे आहे. हे वाक्य लिहिताना हर्षाने मला लेखणी दोनदा खाली ठेवावी लागली. देशात खाणी का उभ्या राहत नाहीत, हे आजवर मी वर्तमानपत्रांत (अशुद्ध भाषेत) वाचत असे. आता ते घरबसल्या पाहिले. टेकडीवर जायला रस्ता नाही. रस्ता हवा तर आधी खाण हवी, आणि खाण हवी तर आधी रस्ता. वेधनयंत्र आले तेव्हा वीज नव्हती, वीज आली तेव्हा परवान्याची मुदत संपली होती. वनखाते म्हणे टेकडी आमची, महसूलखाते म्हणे आमची, आणि सरकारी नकाशात त्या जागी तळे. तरीही जावईबापूंनी भूमी वेधली. यंत्राने आतून दगडाच्या गोल, लांबट कांड्या काढल्या व त्या निघाल्या तशा पेट्यांत मांडल्या गेल्या. गोदामाची किल्ली बदली झालेल्या साहेबांच्या खिशातून परगावी गेल्यामुळे त्या चाळीस पेट्या आमच्या व्हरांड्यात आल्या.

यापुढील मजकूर कृपया बसून वाचावा.

ती मांडणी पाहून माझा जीव कासावीस होई. लांब कांडीशेजारी आखूड, काळीशेजारी पांढरी, मध्येच आकडे घातलेले लाकडी ठोकळे. एकोणचाळीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या माणसाने हे किती दिवस पाहावे? जावईबापू परवान्याच्या नूतनीकरणासाठी पंधरा दिवस बाहेर होते. तेवढ्यात मी सर्व कांड्या धुतल्या, रंगवार लावल्या, रंगांत पुन्हा लांबीप्रमाणे. ठोकळे टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली दिले. (टेबल आता उत्तम आहे.) आमची ही म्हणाली, "छान दिसतंय, पण त्याला विचारलंत का?" मला प्रश्न अप्रस्तुत वाटला.

जावईबापू परतले, व्हरांडा पाहिला आणि पायरीवरच बसले. म्हणाले, "बाबा, कुठली कांडी किती खोलवरची, एवढंच तर त्यात होतं हो." व्याहीबुवा, मी एका ग्रंथातील सर्व शब्द अकारविल्हे लावून ग्रंथ नीटनेटका केला होता. कन्येने मला खुर्चीत बसवले व बजावले, "हात मांडीवर. काही उचलायचं नाही."

तारले ते यंत्रचालकाने. आपण खरोखर कामावर आहोत हे बायकोला पटावे म्हणून तो रोज प्रत्येक पेटीचे छायाचित्र तिला धाडत असे. त्या माउलीच्या संशयामुळे सारी टेकडी पुन्हा लागली. तीन दिवस घर गुडघ्यांवर होते. आता सर्व जागच्या जागी आहे. केवळ चौऱ्याऐंशीव्या मीटरवर वीतभर जागा रिकामी आहे, आणि तांबे नेमके तिथलेच. बुधवारी जावईबापूंच्या खनिज खात्याचे मुख्य साहेब ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यास येत आहेत. दिसले नाही, तर टेकडी वांझ ठरेल, यंत्र दुसरीकडे जाईल आणि आपले चिरंजीव आवक-जावक विभागात बसतील. सगळे कपाटांखाली शोधत आहेत. मीही मनोभावे शोधत आहे.

आपला नम्र,
व्याही

ता. क. आपल्या सत्तरीनिमित्त मी नुकताच जो दगडी पेपरवेट पाठवला (सोनेरी ठिपक्यांचा, बुडाला मी स्वहस्ते चिकटवलेली हिरवी लोकरी बनात), तो मंगळवारपर्यंत खात्रीच्या माणसाहाती परत धाडावा. ती कांडी कोणत्याच रंगात बसेना, म्हणून भेटीस योग्य वाटली. विहीणबाई त्या कांडीने अक्रोड फोडतात असे ऐकतो. तुकडे झाले असल्यास तेही धाडावेत. जावईबापूंना अद्याप सांगितलेले नाही. आपण त्यांचे वडील आहात. आपल्याकडून त्यांना अधिक बरे वाटेल.

पुनश्च. जावईबापूंनी खात्यासाठी केलेली अडथळ्यांची यादी आज टेबलावर दिसली. रस्ता, वीज, नकाशा, किल्ली आणि शेवटी 'सासरे'. भाषा निर्दोष आहे. माझ्या मते पाचवा मुद्दा पहिला हवा; परंतु मी कागदाला हात लावलेला नाही.