‘सांवेर’ तरंगत नाही

४ फेब्रुवारी २००३

पुन्हा उलटलं! प्रोग्रॅम म्हणतो, हे जहाज बांधलंत तर बंदरातच आडवं होईल. होऊ दे. उद्या तोफा कमी करतो.

५ फेब्रुवारी

संघदीपने ही सीडी दिली तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांचा टाइमपास. त्याचा खाली कंप्युटर क्लास आहे. आजोबा महूला फौजेत होते, म्हणून याला तोफांचा शौक. आपण जहाजाची लांबी-रुंदी, तोफा, पोलादी पत्रा, वेग, कोळसा असं सगळं भरायचं – मग तो प्रोग्रॅम सांगतो, तरंगेल की बुडेल. मी १९१० सालचा हलका क्रूझर घेतला, म्हणजे छोटी लढाऊ बोट. वाफेवरचा. अपन को वाफेचंच कळतं. सगळी नोकरी कापड मिलच्या इंजिन-बॉयलर खात्यात गेली. मिल बंद होऊन आता वर्ष उलटलं. कोर्टात केस आहे, सुरू होईल म्हणतात.

इंग्रज त्या काळी असल्या जहाजांना गावांची नावं देत. मी ‘सांवेर’ ठेवलं. बायको, शोभना, तिथल्या शाळेत शिकवते, बसवरची पाटी रोज वाचतो, तेच सुचलं. संघदीप म्हणे, भिया, सांवेरात सोयाबीन तरंगेल, जहाज नाही.

९ फेब्रुवारी

जेवताना शोभनाने विषय काढला. तिच्या ओळखीच्या एका आयटीआयत बॉयलरच्या बॅचला शिकवायला माणूस हवाय. रोज दोन तास. मी हो म्हटलं तर तिला संध्याकाळच्या ट्यूशन सोडता येतील. शाळा, बस, ट्यूशन, घर – आता झेपत नाही म्हणाली.

मी नाही म्हटलं. दोन तास म्हणजे काय काम झालं? करायचं तर पूर्ण, नाही तर नाही. उद्या मिल सुरू झाली तर यांना काय सांगायचं?  तिने उठून चणे भिजत घातले. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय, एवढंच म्हणाली.

१२ फेब्रुवारी

दोन तोफा काढल्या. बुडालं.

१४ फेब्रुवारी

आणखी दोन काढल्या. आता हा क्रूझर कसला, मच्छीमारी बोट झाली! तरी बुडतोच. कोळसाच इतका मागतो की बाकी कशाला जागा उरत नाही. एवढा कोळसा तर आमच्या तिन्ही बॉयलरांनी मिळून खाल्ला नसता.

शोभनाची बस वाटेत बिघडली. ट्यूशनची पोरं जिन्यात येऊन बसली होती. ती आली ती पर्स खांद्यावर तशीच, थेट फळ्यापाशी. मी चहा केला. अर्धा उतू गेला, पण केला.

१८ फेब्रुवारी

पत्रा पातळ केला. आता दगड मारला तरी भोक पडेल. बुडालंच! खामखा डोकं फिरवून ठेवलंय या डब्याने.

२१ फेब्रुवारी

शोभना कृष्णपुऱ्याला चक्कर येऊन पडली. भाजी घेत होती. नशीब, शेजारच्या द्वारकाबाई सोबत होत्या. त्यांनीच रिक्षात घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, धावपळ बंद करा. कुठली बंद करायची, ते नाही सांगितलं.

पांढरीफटक पडली होती. मी घाबरलो. मिलच्या गेटला कुलूप लागलं त्या दिवशीही इतका घाबरलो नव्हतो. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट काय बोलावी? पोरांचा उद्या पेपर आहे म्हणे.

२४ फेब्रुवारी

संघदीप तिची तब्येत विचारायला आला. आज शाळेत गेली, म्हटलं.  मग तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, “भिया, या दोन्ही खान्यांत पंचवीस का टाकलंय?”

एक खाना सर्वांत जास्त वेगाचा. दुसरा नेहमी ज्या वेगाने जायचं त्याचा. मी म्हटलं, बरोबरच आहे. इंजिन ज्या वेगाला बनवलंय त्याच वेगाने चालणार ना! मिलमध्ये भोंगा झाला की इंजिन फुल, सुट्टीचा भोंगा झाला की बंद. मधे जरा धीमं झालं की सूत तुटायचं आणि सूतखात्याचा मास्तर माझ्या नावाने बोंब मारायचा. सगळी नोकरी या एकाच गोष्टीची राखण केली मी.

तो हसला नाही. “जहाजात सूत कुठंय भिया? ते हळूही चालतं. फुल तर फक्त लढाईत.”

२५ फेब्रुवारी

दुसऱ्या खान्यात दहा टाकले. कोळसा एकदम उतरला. तरंगलं! काढलेल्या तोफा परत बसवल्या, पत्रा जाड केला – तरी तरंगतंय. इतके दिवस तोफांना शिव्या घालत होतो आणि चूक होती वेगात.

नाचावं असं काही वाटलं नाही. आत शोभना पोळ्या लाटत होती. पहाटेची बस धरल्यापासून ती बसलीच नव्हती. तिच्या दोन्ही खान्यांत मी पंचवीस टाकून ठेवलेत. माझ्या दोन्हींत शून्य. लाज वाटली. आयटीआयला जाऊन येतो, असं तिला सांगितलं. बरं म्हणाली आणि पोळी उलटवली.

२७ फेब्रुवारी

जागा भरली. तिथला बाबू म्हणाला, तुमच्याकडून तर नकार आला होता ना? आला होता, माझं ‘नाही’ शोभनाने कळवलं होतं. पायीच परत आलो. शोभनाला सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, चला, पोरं येतील आता.

१ मार्च

पोरं आली तेव्हा शोभना झोपली होती. उठवलं नाही. मीच बसलो. भागाकार घेतला. उद्यापासून मीच शिकवणार, असंही सांगून टाकलं. एक पोरगं रडकुंडीला आलं, तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, जरा हळू. पोरं आहेत ती, मिल नाही.” मग पुन्हा घोरायला लागली.