मोंगराबाईचे नाव दारावर लागेल

मी, सुशिलाबाई ताराचंद देवांगन, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार मुर्री, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मागे पुतण्या भुपेंद्र "काकूचं डोकं फिरलं होतं" असे म्हणणार, याची मला खात्री आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला आले होते, चहा पिऊन परत गेले.

माझे यजमान वारले. आम्हाला मूलबाळ नाही. मी काही न लिहिता गेले तर घर कायद्याने दीर केवलराम यांच्याकडे, म्हणजे पर्यायाने त्यांच्या मुलाकडे, भुपेंद्रकडे जाईल. तसे होऊ नये म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. मुर्रीचे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते मी भुपेंद्रची मुलगी भूमिका हिला देते. अट एकच. दाराशेजारी दगडी पाटी बसवावी आणि तिच्यावर "मोंगराबाई देवांगन यांचे घर" असे कोरावे. नुसते "मोंगरा" कोरू नये. लोकांना फुलाचे नाव वाटेल आणि भुपेंद्रची सोय होईल.

मोंगराबाई म्हणजे माझ्या यजमानांची पणजी. तिचे नाव घरात कोणी घेत नसे. घरात सांगायची गोष्ट वेगळी होती: मूळपुरुष कोणी सेठ होते, गाडीभर लुगडी घेऊन छत्तीसगढातून व्यापाराला आले. गेल्या वर्षी समाजाच्या स्मरणिकेत हीच वंशावळ छापली. सेठजींचे चित्रसुद्धा काढून घेतले!

मी नागपूरच्या ग्रंथालयात बसून १९००च्या दुष्काळाच्या सालातली वर्तमानपत्रे चाळली. त्यात सेठजी नाहीत. त्यात एक बातमी आहे, की सालेकशाकडे दुष्काळी कामावर मोंगरा नावाच्या छत्तीसगढी कोष्टिणीने, मजुरी कापली म्हणून, मुकादमाच्या डोक्यावर मातीची टोपली पालथी केली. कामावरून हाकलले तरी पोटुशी बाई जागची हलली नाही. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीत, त्याच साली तिच्या मुलाचा, म्हणजे यजमानांच्या आजोबांचा, जन्म लिहिलेला आहे. बापाचा रकाना रिकामा. १९०१च्या जनगणनेच्या छापील पुस्तकात नावे नसतात, परमुलखात जन्मलेल्यांचे नुसते आकडे असतात. त्या आकड्यात कुठेतरी ती एक आहे. त्यावर बोट ठेवून मी ग्रंथालयातच रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दरेकशाच्या डोंगरातून रूळ धरून ती पायी आली असावी. "असावी" म्हणते, कारण जे कागदात नाही ते मी छातीठोक सांगत नाही. ती सवय सेठजीवाल्यांची.

कलम दुसरे. यजमानांचे मनगटी घड्याळ केवलराम भाऊजींना द्यावे. ते मला म्हणाले होते, "भाभी, तुमी त बाहेरच्या. आमच्या खानदानात कायले हात घालून राहिल्या?" मी म्हटले, "भाऊजी, तुमची पणजी बी बाहेरचीच होती. बाहेरच्या बायांनंच तुमचं खानदान उभं केलं." तेव्हापासून बोलणे बंद आहे. माझा राग कायम आहे, पण भावाची वस्तू भावाकडे जावी.

कलम तिसरे. पितरपाखात माझ्या नावाने पान टाकू नये. आपल्याकडे पुरुषांच्या नावाने पान पडते, सवाष्ण गेलेल्या बायांना नवमी असते. मोंगराबाईचा नवरा कोण हेच ठाऊक नाही, म्हणून तिला तिथीच नाही. गेली त्या दिवसापासून ती या घरात उपाशी आहे. माझ्या तिथीला तिचे पान टाका. माझे पोट भरलेले आहे.

कलम चौथे. बातमीची नक्कल, कोतवाल बुकाचा उतारा आणि माझे भिंग भूमिकाला द्यावे. तिचा बाप मला म्हणाला, "काकू, टोपलं वाहणारी बाई दारावर कायले लावता? पोरीचं लगन जुळवून राहिलो. पावने काय म्हनतील?" भूमिका, हे कागद तू पाव्हण्यांना पोह्यांच्या आधीच दाखव. जे उठून जातील त्यांना जाऊ दे, तुझे पोहे वाचतील. साऱ्या घरात "मग तिचं पुढं काय झालं, आजी?" असे तू एकटीने विचारलेस. म्हणून घर तुला.

कलम पाचवे. बँकेतील ठेवीतून पाटीचा खर्च करावा, उरेल ते भूमिकाच्या एकटीच्या खात्यात घालावे. स्मरणिका समितीला काही नाही. त्यांनी सेठजींकडे मागावे.

कलम शेवटचे, भुपेंद्रसाठी. हे मृत्युपत्र खोटे पाडायला तू कोर्टात जाशील. जरूर जा. वारस म्हणून उभे राहायचे तर वंशावळ शपथेवर द्यावी लागते. तुझी नोकरी जात पडताळणीत अडकली होती, जुना पुरावा मिळत नव्हता, तेव्हा कोतवाल बुकातली हीच नोंद तू जोडलीस आणि शपथेवर लिहून दिलेस, "मोंगरा ही माझी खापरपणजी." त्या प्रतिज्ञापत्राची नक्कल या मृत्युपत्राला जोडली आहे. म्हणजे पगारापुरती ती तुझी, आणि पाटीपुरती कोणाची नाही? आता सेठजींची वंशावळ कोर्टात दिलीस तर तुझी एक शपथ खोटी ठरेल. खरी दिलीस तर तिचे नाव तुझ्याच सहीने कोर्टाच्या कागदावर चढेल. मला दोन्ही चालेल.

साक्षीदार. आम्ही दोघांनी सुशिलाबाईंना शुद्धीवर, हसतमुखाने सही करताना पाहिले. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
१. चंद्रकुमार लिल्हारे, शेजारी, मुर्री
२. अंजना मेश्राम, सेवानिवृत्त परिचारिका, गोंदिया

ठिकाण: मुर्री. दिनांक: १२ जानेवारी २०२५.

लिहून ठेवणार,
सुशिलाबाई ताराचंद देवांगन
मोंगराबाईची पणतसून