मास्क कोणाच्या नाकावर होता

आण्णा,

पहिला दोष नंदूला झोपेतल्या श्वासाचं मशीन देणाऱ्या त्या संस्थेचा. "रोज चार तास वापर दिसला नाही तर मशीन परत नेऊ," असा दम दिला, देताना फोटोही काढला. सात वर्षांच्या पोरीला नाकावर मास्क ठेवून झोपायला कसं शिकवायचं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

पण आज मास्क धुताना त्याला तपकिरीचा वास येत होता. तुमची नात तपकीर ओढत नाही.

मी खराडीला रात्रपाळीला असते. ती मास्क बघून रडते, तुम्हाला बघवत नाही, आणि मशीन जाऊ नये म्हणून तो तुम्ही लावून झोपता. माया कळते मला. पण मशीनमधल्या नोंदीच्या कार्डावर सात-सात तास वापर बघून डॉक्टर म्हणतात, मशीनने गुण येत नाही, ऑपरेशन करू. इकडे पोरीचा श्वास झोपेत रोज अडकतोय.

तुम्ही फिरून येईपर्यंत थांबले नाही. थांबले असते तर जास्त बोलले असते. दवाखान्यात खरं सांगायला चालले आहे.

नंदू शाळेतून आली की टीव्ही लावून मास्क नुसता तिच्या हातात द्या. स्वतःच नाकाला धरू दे. पट्टे बांधू नका, मशीन सुरू करू नका, रागवू नका. आठवडा लागला तरी चालेल.

आणि अकराला डॉक्टर भेटतील, त्याच्या आत मला फोन करून सांगा, गोलगोल नको: पोरगी मशीनशिवाय किती दिवस झोपते आहे?

रुपाली