अपूर्वाचा निळा दिवा

नारायण पेठ, पुणे
सोमवार

तीर्थरूप दादास,

दिगंबरचा साष्टांग नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? साताऱ्यात तुझे सकाळचे फिरणे चालू आहे ना? माझी तब्येत उत्तम आहे (हे वाक्य सवयीने लिहिले). तुझ्या कन्येने फोनवर माझी तक्रार केलीच असेल, तरी दुसरी बाजूही ऐकून घे.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला आहे. म्हणून गुरुवारी अपूर्वाच्या प्रयोगशाळेत गेलो. ती कॅन्सरवरच्या औषधावर काम करते. त्यात रुथेनियम नावाचा धातू असतो. औषध अंधारात नुसते पडून राहते आणि निळा उजेड पडला की तेवढ्याच जागच्या पेशी मारते (आमच्या कचेरीतले रंगनाथरावही साहेबांची नजर पडेपर्यंत असेच पडून असत). एवढे सांगून ती तिच्या मॅडमना भेटायला गेली. मला तहान लागली. बाहेर पडताना पाहतो तर रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात एक दिवा उगाच जळतोय. आपल्या घरच्या वळणाप्रमाणे मी तो बंद केला. मोरीतला दिवा चालू ठेवल्याबद्दल वडिलांनी तुझ्या पाठीत घातलेला धपाटा मी विसरलेलो नाही. बटणावर चिठ्ठी होती म्हणे; माझा चष्मा दुसऱ्या सदऱ्यात होता.

ती परत आल्यावर मी होऊन सांगितले, कौतुकाच्या अपेक्षेने. ती म्हणाली, "काका, अहो तो दिवा हाच तर प्रयोग होता!" त्याखालच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरायच्या होत्या, त्या माझ्या कृपेने ठणठणीत राहिल्या. पोरीची तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली. मला फार वाईट वाटले. तशातही मी गृहस्थांचा विषय काढलाच. औषध माणसांपर्यंत यायला अजून बरीच वर्षे आहेत, गृहस्थांनी आधी डॉक्टर गाठावा, असे ती म्हणाली.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर

ता. क. प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असे मी तिला लेखी दिले आहे.

आणखी एक. ते गृहस्थ मीच. पुढच्या शुक्रवारी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला देणार आहेत. अपूर्वाला अजून सांगितलेले नाही. दादा, मला भीती वाटते. वहिनींना घेऊन आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने ये. घरातले दिवे बंद केलेत का हे पाहायला गेल्या वेळेसारखा स्टँडवरून परत जाऊ नकोस. एखादा चालू राहिला तर राहू दे.